पूजेतला बारा-तेराचा पाना

कोपरखैरण्याच्या आमच्या घरात देवाला एक फळी होती आणि गाडीला सारे अंगण. घर बैठे, दोन खोल्यांचे, ओळीतले शेवटचे. त्यामुळे बाजूची चिंचोळी मोकळी जागा आमच्या वाट्याला आली होती. तेथे आईने लावलेली तुळस आणि कढीपत्ता गाडी आल्यावर उपटून तेलाच्या डब्यांत बसवावा लागला. आईने त्याबद्दल तक्रार केली नाही. आमच्याकडे तक्रार करण्याची पद्धत नव्हती. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी होते. बाजार मुंबईहून वाशीला हलला तेव्हा आबाही हलले आणि सातारा जिल्ह्यातल्या गावाहून त्यांनी आम्हां सर्वांना येथे आणले. आयुष्यभर गोणी वाहिल्यामुळे त्यांची मान पुढे आली होती. काम सोडल्यावरही ती सरळ झाली नाही. काम सोडताना हाती आले ते सारे त्यांनी एका डिझेल पिकअपमध्ये घातले. "पोराच्या पाठीवर गोणी नको. गाडीच्या पाठीवर असूं दे," एवढेच त्यांनी आईला सांगितले. आईने गाडीच्या चाकांवर पाणी घातले आणि हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

गाडी चालवायचा माझा थोरला भाऊ विलास. मी त्याला दादा म्हणे. वाई-फलटणच्या बाजूचा भाजीपाला भरून तो आठवड्यातून तीन वेळा वाशीच्या बाजारात आणी. त्याचा स्वभाव मोकळा होता, हात स्थिर होता आणि गाडीत बसला की तो गुणगुणत असे. माझ्याकडे गाडीची दुरुस्ती होती. तुर्भ्याला मालट्रक उभे राहतात त्या भागात गोमा मिस्त्रींचे गॅरेज होते; तेथे मी सहा वर्षे काम केले होते व इंजिन एकट्याने उतरवून पुन्हा चढवण्याइतका माझा हात तयार झाला होता. मला माझ्या हाताचा गर्व होता. तो मी बोलून दाखवीत नसे, म्हणून इतरांना तो विनय वाटे.

ती गाडी टर्बोची होती. अशा गाड्या तेव्हा रस्त्यावर नव्या होत्या आणि जुने ड्रायव्हर त्यांना बिचकत. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो. त्यामुळे दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. दांडा इतक्या वेगाने फिरतो की त्याला धातूचा आधार चालत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. तेल थांबले की दांडा मेला. याहून अधिक समजण्याची गरज नाही. गाडी चढाला लागली किंवा वेग घेऊ लागली की टर्बोची बारीक शिट्टी ऐकू येई. दादा मुख्य रस्त्यावरून आमच्या गल्लीकडे वळला की ती शिट्टी घरात पोहोचे आणि आई तवा चुलीवर ठेवी. बाजरीची भाकरी, पातळ पिठले, लसणीची चटणी. दादा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. वहिनी पदर खोचत दाराशी येऊन म्हणायच्या, "आली बघा माझी सवत शिट्टी वाजवत." आबा ऐकून न ऐकल्यासारखे करीत, पण त्यांचे ओठ किंचित हलत. आमच्या घरात हसणे एवढेच असे.

गोमा मिस्त्री शिरवण्याचे. त्यांच्या वडिलांची शेती नव्या शहरात गेली होती. "पयले भातात वाकायचो, आता लोकांच्या गाड्यांखाली झोपतंय," असे ते म्हणत आणि स्वतःच हसत. मी त्यांना मामा म्हणत असे. दादाला ते नेहमी एकाच गोष्टीवरून बोलत. दादा जोरात आलेली गाडी थांबवताच चावी फिरवून बंद करी. डिझेल वाचवायची सवय. मामा गाडीखालून ओरडत, "आरं इलास, धावत आलेल्या मानसाला तू गपकन झोपवतंस काय? दोन मिन्टं चालू ठेव, त्याचा दम जाऊ दे. मंग बंद कर. तेलाबिगर तो दांडा जलून जाईल, मंग माज्याकडं रडत येशील." दादा हात जोडे. "चुकलं, मामा." दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच करी. मामा मला म्हणत, "तुजा भाऊ लई चांगला हाय. चांगली मानसं ऐकत नाय."

नवरात्रात शिट्टीचा सूर बिघडला. आधी ती घोगरी झाली, मग कण्हल्यासारखी येऊ लागली, आणि सातव्या माळेला गाडी निळसर धूर सोडीत गल्लीत शिरली. आईने तवा ठेवला नाही. तिला वाटले दुसऱ्याच कोणाची गाडी आली. मामांनी टर्बोचा पंखा बोटाने हलवून पाहिला. दांडा वर-खाली खेळत होता. "खलास," ते म्हणाले. बदली टर्बो त्यांनीच ओळखीच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी आणून दिला. बसवण्याचे काम गॅरेजात करायचे होते. पण आबांनी नकार दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्यांना गाडी स्वतःच्या दारात, चालू स्थितीत पूजेला हवी होती. मामांच्या घरी त्यांच्या मुलीचे पहिले बाळंतपण होते व ते शिरवण्याला जायला निघाले होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेतले. "तेलाचा पाईप आतून साफ कर. बसवायच्या आधी भोकात तेल घाल, दांडा हातानं फिरव. पॅकिंग नवंच टाक. आनि आयक, तेल जातं तिथं पेस्ट लावायची नाय. अजिबात नाय. बाकी कुठं पन लाव."

"माहीत आहे, मामा," मी म्हणालो.

"म्हायीत हाय म्हनूनच सांगतंय," ते म्हणाले.

खंडेनवमी आमच्याकडे कशी होत असे, हे सांगितले पाहिजे. पुढचे त्यावरच अवलंबून आहे. त्या दिवशी घरातली सर्व हत्यारे घासून, रॉकेलने पुसून पाटावर लाल कापडावर मांडली जात. सर्वांत आधी आबांचा गोणी ओढायचा लोखंडी आकडा, मग आईची विळी आणि कोयता, मग माझे पाने, हातोडी, पकड. आबा त्यांना हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत, नारळ फोडत. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोने वाटून होईपर्यंत त्यांतल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. आईसुद्धा त्या दिवसाची भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवी. बाजारात पाठीचा कणा मोडून आबांनी जे देव मानले ते एवढेच होते: वर्षभर राबणारे लोखंड एक दिवस निजते, आणि निजलेल्याला उठवायचे नाही. आज मी त्या श्रद्धेला हसत नाही. तेव्हाही हसलो नव्हतो.

नवमीच्या सकाळी मी काम सुरू केले. जुना टर्बो दुपारपर्यंत निघाला. गरम होऊन होऊन त्याचे नट धरले होते. एक कापावा लागला. तेलाचा पाईप मी डिझेलने धुतला, तारेने साफ केला, फुंकून पाहिला. येथवर माझ्या हातून कसलीही कसूर झाली नाही, आणि हे मी स्वतःचा बचाव म्हणून लिहीत नाही. उलट, पुढची चूक अज्ञानातून झाली नाही हे त्यावरून कळावे. नवा टर्बो बसवला. भोकात तेल घातले, दांडा बोटाने फिरवला. तो विनाआवाज, सहज फिरला. मग तेलाच्या पाईपच्या तोंडाशी बसणारे पॅकिंग घ्यायला गेलो. ते कागदासारखे पातळ असते, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. मी ते बोनेटच्या कडेवर ठेवले होते. माझ्याच कोपराने ते खाली पडले होते आणि माझ्याच गुडघ्याखाली येऊन फाटले होते.

सायकल घेऊन मी दुकानाकडे गेलो. दुकानात माल झाकून पूजा मांडलेली होती. शेठ सोवळ्यात होते. "आता गल्ल्याला हात नाही. परवा सकाळी ये," ते म्हणाले. दुसरे दुकान बंद. तिसरे बंद. परत आलो तेव्हा आबा दारात तबक घेऊन उभे होते. आईच्या हातात नारळ होता. दादाने आंघोळ करून नवा सदरा घातला होता. शेजारची चार माणसे जमली होती. त्यांत आबांच्या टोळीतले जुने सहकारी तुकारामबापूही होते.

"दत्त्या, आटपलं का रं?" बापूंनी विचारले. "का गाडीला पुढल्या दसऱ्याला पूजायची?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या पेटीत सांधे बंद करायच्या तांबड्या पेस्टची नळी होती. मी ती फाटलेल्या पॅकिंगच्या जागी लावली. फार थोडी, फार पातळ, असे स्वतःला सांगत. दोन्ही नट आवळले. मग नियमाप्रमाणे इंजिन सुरू होऊ न देता चार वेळा सेल्फ मारला, तेल वर चढू दिले आणि शेवटी गाडी सुरू केली. धूर निघाला नाही. दादाने रेस दिली आणि शिट्टी आली, स्वच्छ, बारीक. आईने हात जोडले. आबांनी माझ्याकडे हात पुढे केला. "दे हत्यारं."

मी पाने पुसून एकेक करून त्यांच्या हाती दिले. शेवटचा बारा-तेराचा पाना होता, एका टोकाला बारा आणि दुसऱ्याला तेरा मापाचा, ज्याने ते दोन नट आवळले होते. आबांनी त्याला कुंकू लावले आणि तो ओळीत ठेवला.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला, माणसे पांगली. मी बोनेट पुन्हा उघडले. तेलाच्या पाईपच्या जोडाच्या कडेने तांबड्या पेस्टची एक बारीक अळी बाहेर आली होती. आवळताना पेस्ट दोन्ही बाजूंना सरकते. जेवढी बाहेर येते तेवढीच आत जाते. आत तेलाचे भोक होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. पेस्ट वाळून रबरासारखी होते. तिचा तुकडा सुटतो आणि तेल त्याला वाहून नेते. हे मला ठाऊक होते. दोन नट काढायचे, पुसायचे, फाटलेल्या पॅकिंगच्या मापाने जाड कागद कापायचा, तेलात भिजवायचा, बसवायचा. अर्ध्या तासाचे काम. पाना मात्र पाटावर होता.

आबा पाटासमोर बसले होते. त्यांनी फळे कापलेली नव्हती. सुरीही पूजेत होती. केळी सोलून वाट्यांत ठेवली होती.

"आबा, एक पाना पाहिजे होता," मी म्हणालो. "बारा-तेराचा."

"कशाला?"

"एक नट बघायचा होता."

"पूजेत हाय त्यो. उद्या सोनं वाटल्याव उचलायचा. आजवर कदी उचललाय का आपन?" ते थांबले, मग वर पाहून त्यांनी सरळ विचारले, "काय राह्यलंय का कामात?"

तो क्षण मला नीट आठवतो. आई आत ताटे मांडत होती. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर देवीची गाणी चालू होती. आबांच्या आवाजात राग नव्हता. मी 'होय' म्हटले असते तर त्यांनी काय केले असते, याचा विचार मी हजारदा केला आहे. ते रागावले असते. मग, बहुधा, देवाला नमस्कार करून त्यांनी पाना काढून दिला असता. बाप आणि देव यांच्यातला तो व्यवहार त्यांनी निभावला असता. पण त्यासाठी मला सांगावे लागले असते की ज्या ठिकाणी पेस्ट लावू नये असे मला बजावले होते, तेथेच मी लावली; चार माणसे हसली म्हणून लावली.

"नाही," मी म्हणालो. "सहज."

"मग गप ऱ्हा. लोखंडालाबी एक दीस इसावा."

पाना दुसरीकडून मिळाला नसता असे नाही. त्या दिवशी आमच्या ओळीत घरोघरी हत्यारे पूजेत होती, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. परंतु मागच्या इमारतीत इब्राहिम नावाचा प्लंबर राहत होता व त्याची हत्यारांची पिशवी नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावर होती. संध्याकाळी तो मला भेटलाही. "क्या दत्ता, गाडी चालू?" त्याने विचारले. मी म्हणालो, चालू. मी मागितले नाही, कारण मागितले असते तर आबांच्या दारात, पूजलेल्या गाडीचे बोनेट उघडून, त्यांच्या देखत ते काम करावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी दसरा. दादाला दुपारी निघायचे होते. वाईपलीकडच्या एका शेतकऱ्याकडे मुक्काम, सकाळी टोमॅटो भरायचे आणि उजेडातच दोन्ही घाट पार करून परतायचे, असा त्याचा बेत होता. सकाळी तो आरशासमोर केस विंचरत असता मी त्याच्याजवळ गेलो.

"दादा, आज संध्याकाळी निघ ना. सोनं वाटून झाल्यावर."

"का रे?"

"सणाचा दिवस आहे."

"अंधारात खंबाटकी चढायची होय? तुझ्या वहिनीला विचार, ती काय म्हणते बघ." मग त्याने माझ्याकडे आरशातून पाहिले. "तोंड का पाडलंयस? गाडी झ्याक झालीय. पहिल्यापेक्षा हलकी ओढतेय." आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री झालास लेका."

त्याने मला मिस्त्री म्हटल्याची ती पहिलीच वेळ होती. ज्या क्षणी मी बोलायला हवे होते त्या क्षणी त्याने मला तो शब्द दिला, आणि तो परत करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. चाकांखाली लिंबे ठेवली गेली. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुरणपोळ्या फडक्यात बांधून वहिनींनी खिडकीतून आत दिल्या. "सवतीला नीट घेऊन या," त्या म्हणाल्या. लिंबे चिरडली, शिट्टी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली, मग नाही.

संध्याकाळी आबांनी आम्हांला आपट्याची पाने दिली आणि हत्यारे उचलून एकेक माझ्या हाती ठेवली. बारा-तेराच्या पान्यावरचे कुंकू तेलकट लोखंडात मुरले होते. मी तो पुसला व पेटीत टाकला. रात्रीची बस होती. गेलो असतो तर पहाटे वाईला पोहोचून सकाळी माल भरण्याआधी दादाला गाठता आले असते. मी जेवलो आणि झोपलो.

फोन दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याने मुलगा पाठवून आबांना बोलावले. आबांना फोनवर बोलायची सवय नव्हती. रिसीव्हर त्यांनी माझ्या हाती दिला. पलीकडून एक अनोळखी माणूस बोलत होता. त्याने जे सांगितले आणि पुढे दादाने जे सांगितले ते जोडून असे: माल भरून परतताना खंबाटकीच्या पायथ्याशी दादा चहाला थांबला होता. नंतर चढ लागला. दुसऱ्या वळणावर मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि इंजिनाचा वेग आपोआप चढू लागला. त्याने चावी काढली. इंजिन थांबले नाही. टर्बो फुटला की इंजिन स्वतःचेच तेल पिऊन धावू लागते, आणि ते तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत थांबत नाही. भरलेली गाडी. मागे उतार, बाजूला दरी. इंजिन गुदमरून बंद पडावे म्हणून दादाने ब्रेक दाबून वरचा गिअर टाकला, तर क्लच जळाला. उतरून त्याने चाकांमागे दगड लावले, मागची वाहने हातवारे करून थांबवली, आणि इंजिनाची हवा तोडायला हवेच्या पाईपच्या तोंडात पोते कोंबण्यासाठी बोनेट उघडले. तेव्हा इंजिन फुटले. उकळते तेल त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत आणि मानेवर आले. त्याने दगड लावले नसते आणि तो आधीच पळाला असता तर हात वाचला असता. मागच्या जीपमध्ये बसलेली माणसे मात्र वाचली नसती.

गाडी ओढून तुर्भ्याला आणली तेव्हा मामा आजोबा झालेले होते व त्यांनी गॅरेजात पेढे आणून ठेवले होते. पेढ्यांचे खोके बाजूला सारून त्यांनी टर्बो खोलला. मी समोर उभा होतो. आबा दाराशी खुर्चीत बसले होते, मान पुढे, दोन्ही हात गुडघ्यांवर. मामांनी तेलाचा पाईप सोडवला, भोकात पिन घातली आणि काहीतरी बाहेर काढले. तांबडे, रबरासारखे, मापाने ज्वारीचा दाणा. त्यांनी ते तळहातावर घेतले.  माझ्याकडे पाहिले नाही. मग हात सुताच्या बोळ्याने पुसला आणि तो बोळा खिशात घातला.

"काय झालंतं, गोमाभाऊ?" आबांनी विचारले.

"यंत्र हाय, आबा," मामा म्हणाले. "यंत्राचा काय भरवसा."

आबा गेल्यावर ते मला म्हणाले, "तू सांग, नायतं नको सांगू. मी सांगनार नाय. पन उद्यापासून माज्या पोरांना पाना कसा धरायचा ते तू शिकवायचा नाय." मी त्यांच्याकडे पुन्हा कामाला गेलो नाही. त्यांनीही बोलावले नाही.

दादाला घरी आणले ते दिवाळीच्या तोंडावर. हात सुती पट्ट्यांनी बांधलेला, खांद्याशी लटकवलेला. आई त्याला भरवी. ती कामात असली तर मी भरवी. भात कालवून घास करून त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. तो घास घेताना संकोचे आणि दुसरीकडे पाही. एके दुपारी बाजारातले चार ड्रायव्हर त्याला भेटायला आले. तुकारामबापूही होते. आबा भिंतीला टेकून बसले होते. मी दादासाठी मोसंबे सोलत होतो.

"झालं तरी कसं, इलास?" बापूंनी विचारले.

"माझीच चूक, बापू," दादा म्हणाला. "गोमामामा वर्षभर बोंबलून सांगत होते. पायथ्याला चहासाठी गाडी जोरात आणून तशीच बंद केली. दोन मिनिटंसुद्धा थांबलो नाही. दांडा तिथंच जळाला असणार. नवा टर्बो, दत्तानं दिवसभर खपून बसवलेला. एका चहात घालवला."

 मग आबा बोलले, आणि ते सर्वांसमोर बोलले, जे त्यांनी आयुष्यात क्वचितच केले होते. "घोटभर च्यापायी घर मोडलंस. धाकटा राबला, थोरल्यानं जाळलं." दादाने मान खाली घातली. माझ्या हातात मोसंब्याची फोड होती. मी तिच्या बिया काढल्या आणि ती दादाच्या तोंडात घातली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा दादाची बोटे अर्धवट मिटलेली राहिली. सुकाणू धरता येईना. गाडी होती त्या स्थितीत विकली आणि घेणाऱ्याने ओढून नेली. पुढे बाजाराच्या वजनकाट्यावर त्याला बसायचे काम मिळाले. डाव्या हाताने तो पावत्या लिहायला शिकला. मी तुर्भ्यातल्या एका कारखान्यात भांडाराची नोकरी धरली. लोकांना वाटले, भावाच्या दुःखाने मी धंदा सोडला. मी ते तसेच राहू दिले.

यापेक्षाही एक गोष्ट लिहिणे मला जड जाते. पुढच्या खंडेनवमीला आबांनी हत्यारे मांडली, आकडा, विळी, कोयता, माझे जुने पाने. आणि तबक उचलून त्यांनी ते थोरल्याऐवजी माझ्या हाती दिले. आमच्याकडे पूजेत वडिलांनंतरचे कुंकू थोरल्याचे. दादा पाटाजवळ बसलेला होता. तो मागे सरकला व त्याने मला जागा दिली. त्यानंतर आबा जगले तोवर प्रत्येक वर्षी तसेच झाले. प्रत्येक वर्षी मी ते तबक घेतले. माझी मुले मोठी झाली, दादाची झाली. धाकटा पूजा करतो आणि थोरला मागे बसतो, हेच त्यांनी घरचा रिवाज म्हणून पाहिले.

आबा गेले. तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी मी दादाकडे बाजारात गेलो. वजनकाट्याची त्याची खोली म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि एक पंखा. बाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग होती. मी उभ्यानेच सांगितले: फाटलेले पॅकिंग, तांबडी पेस्ट, बाहेर आलेली अळी, पाना मागितला ते, आबांनी विचारले ते, आणि मी 'नाही' म्हटले ते. गोमामामांनी खिशात घातलेला बोळाही. दोन वाक्ये ट्रकच्या भोंग्यात बुडाली. ती मी पुन्हा सांगितली.

दादाने सर्व ऐकले. तो रागावेल, रडेल, किंवा 'जाऊ दे' म्हणेल, या तिन्हींची तयारी मी करून गेलो होतो. त्याने यांतले काहीच केले नाही. त्याने आपला उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला.

"आबा होते तेव्हा सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मला सांगून काय."

काट्यावर ट्रक चढला होता आणि ड्रायव्हर ओरडत होता. दादा खिडकीकडे वळला. "थोडी पुढं घे," त्याने त्याला सांगितले, "अजून, अजून, बस," आणि पावतीपुस्तक ओढून घेऊन तो लिहू लागला.  मग दुसरा ट्रक चढला, आणि मी बाहेर आलो.